सगुणाचं धुराडं

गोजरा चुलीपुढं पडली तेव्हा तिची सून सगुणा मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. घरातून खोकल्याचा आवाज येत नाही, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. सासूचा खोकला त्या घरात बारा महिने चालू असायचा. चालू असला की कुणाचं लक्ष जात नसे. थांबला म्हणून सगुणानं मान वर केली, सूप खाली ठेवलं आणि आत गेली.

आत काहीच दिसेना. पौषातली सकाळ, थंडी वाजते म्हणून म्हातारीनं दोन्ही दारं लावून घेतलेली, लाकडं दमट, आणि कौलांपासून कमरेपर्यंत घर धुरानं गच्च भरलेलं. सगुणा वाकून, शेवटी तर रांगतच, चुलीपर्यंत पोचली. गोजरा कुशीवर पडली होती. तिचा डावा हात तापल्या वैलाला, चुलीच्या बाजूच्या तोंडाला, टेकून भाजत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

सगुणानं काखेत हात घालून तिला ओढत अंगणात आणलं. तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली, हाका मारल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग म्हातारीच्या छातीतून फुटक्या भात्यासारखा आवाज निघाला आणि तिनं डोळे उघडले.

"भाकर करपली काय गो?" तिनं विचारलं.

हे चौऱ्याऐंशी साल. कामोठं तेव्हा भातशेतीचं, खाडीला लागून असलेलं गाव होतं. नवी मुंबईच्या नकाशात ते केव्हाच जाऊन बसलं होतं, जमिनींच्या नोटिसा येऊन गेल्या होत्या, पण उंच इमारती बघायच्या तर अजून वाशीलाच जावं लागे. काही शेतांचा ताबा गेला होता, काही अजून पिकत होती. सगुणाचा नवरा गोटीराम तळोज्याला एका कारखान्यात पाळीनं कामाला जाई. दोन मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. बापाच्या वेळचं लांबलचक कौलारू घर मधोमध भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलं होतं. अलीकडं गोटीराम, पलीकडं धाकटा कमळाकर आणि त्याची बायको रखमा. भिंत मात्र आढ्यापर्यंत गेली नव्हती. वर छप्पर एकच होतं, त्यामुळं एका घरातला धूर दुसऱ्या घरात बिनदिक्कत जायचा.

पनवेलच्या डॉक्टरांनी गोजराच्या छातीला नळी लावली आणि विचारलं, "आजी विड्या किती ओढतात?"

"विडीला कवा हात नाय लावला त्यांनी," सगुणा म्हणाली.

"मग चूल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चुलीपुढं बसल्यात ना? आता धूर बंद करा. औषध मी देतो, पण असा आणखी एक हिवाळा गेला तर माझ्याकडं आणू नका, उपयोग नाही."

घरी आल्यावर गोटीरामनं हिशेब मांडला. रेशनचं रॉकेल आठवडाभरही पुरत नव्हतं. गॅसला नंबर लावून ठेवला तरी कैक वर्षं लागणार होती. "दारां उघडी ठेवा," एवढं बोलून तो दुपारच्या पाळीला निघून गेला. सगुणानं दारं उघडी ठेवली. वारा आला की जाळ विझे, जाळ विझला की धूर होई, आणि गोजरा पदर तोंडाला धरून फुंकणीनं फुंकत राही. चुलीपुढून ऊठ म्हटलं तर उठायची नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं ती चूल स्वतःच्या हातानं घातली होती, दर दिवाळीला स्वतः लिंपली होती. त्या जागेवरून तिला उठवणारं घरात कुणी नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात शाळेच्या ओट्यावर एक बाई आल्या. नंदिनीताई नाव, राहायला वाशीला, एका संस्थेचं काम करायच्या. निर्धूर चूल कशी बांधायची ते दाखवायला आल्या होत्या. माती, तूस, शेण असं कालवून साच्यात घालायचं, खाली बिडाची जाळी, दोन भांडी एका जाळावर, आणि मागून सिमेंटचं धुराडं थेट कौलांच्या वर. बायकांनी ऐकून घेतलं, हसल्या, घरी गेल्या. सगुणा तेवढी बसून राहिली.

"ताई, खारीवरना वारा उलटा आयला तं?"

"म्हणून वर टोपी असते. खाडीवरच्या वाऱ्यानं धूर मागं ढकलला जात नाही."

"आन् धुराऱ्यान आतमधी जाल लागला तं?"

नंदिनीताईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "लागू शकतो," त्या म्हणाल्या. "आत काजळी साठू दिली तर लागतो. म्हणून पंधरा दिवसांनी धुराडं झाडायचं, वाळलेलंच लाकूड जाळायचं, रंग लावलेलं, डांबर लावलेलं जाळायचं नाही. आणि तरीही लागलाच, तर वरून पाणी ओतायचं नाही. तापलेला पाइप पाण्यानं फुटतो आणि पेटती काजळी घरात पडते. खालून हवा बंद करायची. हवा मिळाली नाही की तो विझतो."

सगुणानं ते सगळं घरी सांगितलं, फक्त शेवटचं सांगितलं नाही. तरी पलीकडच्या घरातून कमळाकर आलाच. घरामागं त्याची पेंढ्याची उडवी होती. बैलांची वर्षाची वैरण. धुराडं निघणार होतं तिथून ती पंधरा पावलांवर होती.

"वैनी, छप्पर एक हाय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "तू तुझ्या घरान भोक पारशील, पन आग लागली तं भिताडाला नाय कलनार कुनाचा घर कुठला."

"धूर आता बी तुमच्या घरान येतंच हाय ना भावजी?"

"धुराचा काय नाय. ठिनगीचा बोलतंय मी."

गोजरानं कोपऱ्यातून आपलं मत दिलं. "माझी चूल कोनी फोरायची नाय." तेवढ्यावरच गोटीराम गप्प झाला. आईपुढं आणि भावापुढं तो तसाही गप्पच असे.

सगुणाचं माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. भर उन्हात पायाची कातडी सोलून निघेपर्यंत मीठ ओढणाऱ्या माणसांतली ती. तिचा आवाज कधी चढत नसे, पण एकदा मनात घेतलं की ती बोलणंच बंद करी आणि कामाला लागे. चार दिवस तिनं वाट पाहिली. पाचव्या दिवशी तिनं नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावली आणि दोघं पनवेलला गेली.

सिमेंटच्या पाइपाचे दोन तुकडे, टोपी, बिडाची जाळी. दुकानदारानं पाइप बोटांनी वाजवून दाखवला आणि बजावलं, "पडला तर गेला, बदलून मिळणार नाही." एसटीचा कंडक्टर पाइप बघून दारातच आडवा झाला. दुसऱ्या गाडीचाही झाला. ऊन चढलं. शेवटी मिठाच्या गोण्या घेऊन निघालेल्या एका ट्रकवाल्यानं त्यांना वर बसू दिलं. गोण्यांवर बसून सगुणानं दोन्ही पाइप मांडीवर आडवे घेतले. रस्ता सगळा उखडलेला, कळंबोलीकडं गोदामांसाठी भराव चाललेला. प्रत्येक खड्ड्याला ती पाइप दोन्ही हातांनी उचलून धरी आणि गाडी सावरली की परत मांडीवर टेकवी. घरी पोचेपर्यंत तिचे दंड इतके भरून आले, की पदर सावरायलाही हात वर होईना. गोजरानं ओटीवरून ते सामान पाहिलं, आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

सगुणानं जुनी चूल फोडली नाही. मागच्या भिंतीशी, दुसऱ्या कोपऱ्यात नवी बांधायला घेतली. नंदिनीताई साचा घेऊन आल्या. माती तुडवून सगुणाच्या टाचा फुटल्या. चूल बसली, वाळली, आणि गोटीराम कौलं काढायला वर चढला. त्यानं पाइप सरळ वर नेला, भोकातून बाहेर काढला आणि खाली हाक मारली, "झाला."

सगुणा आतून वर बघत होती. पाइप आणि छपराचा वासा यांत चार बोटांचं अंतर होतं.

"वासा जवल हाय," ती म्हणाली. "ताई बोलल्या हातभर लांब पायजे."

"चार बोटां हायेत की. मना कामाच्या पालीला जायाचंय."

"तुमी जावा पालीला. पन परत आयल्यावर चूल सरकवायची."

"बांधलेली चूल सरकवतान काय कोनी?"

"मी फोरतय आन् परत घालतय."

आणि तिनं तसंच केलं. ओली-सुकी चूल स्वतःच्या हातानं मोडली, हातभर अलीकडं घेतली, पुन्हा लिंपली. गोटीरामला कौलं पुन्हा काढावी लागली, कौलांखालची एक रीप कापावी लागली. पाइपाभोवती तिनं पत्र्याचं कडं बसवून घेतलं आणि मधल्या फटीत माती ठासली. गोटीराम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. कमळाकर रोज संध्याकाळी मागं येई, छपरावर वर आलेली टोपी बघे, मग आपल्या उडवीकडं बघे, आणि परत जाई.

पहिल्यांदा चूल पेटवली त्या दिवशी सगळी हजर होती. सगुणानं काडी लावली, काटक्या पेटल्या, आणि धूर जिथं जायला हवा तिथं न जाता चुलीच्या तोंडातून भस्सकन बाहेर आला. दुसऱ्या वैलातूनही आला. घर भरलं. गोजरा खोकायला लागली. रखमानं तिला धरून बाहेर नेलं. कमळाकर दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ह्याच्यासाठी छपराला भोक पारला?"

सगुणाचे डोळे वाहत होते. नंदिनीताई वाशीला, विचारायचं कुणाला. तिनं हात लांब करून पाइपाला खाली हात लावून पाहिला. तो गार होता, सकाळच्या दगडासारखा गार. धूर वर चढायला पाइपाच्या आत गरमी हवी, एवढं तिच्या लक्षात आलं. तिनं पेंढ्याची मूठभर चूड केली, पेटवली आणि मागच्या वैलातून थेट पाइपाच्या तोंडाशी धरली. एक चूड जळून गेली. दुसरी धरली. बोटांना चटका बसायला लागला तरी धरून ठेवली. मग पाइपातून हलका घुमल्यासारखा आवाज आला, आणि चुलीच्या तोंडातून बाहेर येणारा धूर अडखळला, वळला, आणि आत ओढला गेला. जाळ सरळ झाला. बाहेरून रखमाची हाक आली, "टोपीतना धूर निंगतंय."

थोड्या वेळानं गोजरा आत आली. नव्या चुलीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. वर आढ्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांच्या काजळीनं काळे कुळकुळीत झालेले वासे तिला स्वयंपाकाच्या वेळी कधी असे स्पष्ट दिसले नव्हते.

"घर उघडा पडल्यासारा वाटतंय," ती म्हणाली.

महिनाभर तिनं हट्टानं जुन्या चुलीवर आपल्यापुरती पेज शिजवली. मग एक दिवस लाकडं भिजली, जुनी चूल पेटेना, आणि ती नव्या चुलीपुढं पाट घेऊन बसली. दिवाळीपर्यंत तिचा खोकला निम्म्यावर आला. पुढचा पौष ती काढते की नाही या धास्तीत सगुणा होती, तो पौष म्हातारीनं उन्हात बसून वाल सोलत काढला. सगुणा सगळ्यांना सांगे, धुराडं पंधरा दिवसांनी झाडावं लागतं. आणि ती झाडायचीही.

नंतर लाकूड तुटलं. खाडीच्या बाजूला जिथून बायका मोळी आणत, तिथं तारांचं कुंपण आलं आणि पहारेकरी बसला. शेताच्या बांधावरची झाडं भरावाखाली गेली. गोटीराम कारखान्यातून मोडक्या खोक्यांच्या फळ्या सायकलला बांधून आणू लागला. यंत्रं ज्यांत भरून येत ती खोकी, फळ्यांना आतून काळं डांबर फासलेलं. सुकी, हलकी, लगेच पेटणारी लाकडं, आणि फुकट. सगुणानं पहिल्या दिवशी ती फळी नाकाशी धरली आणि तिला नंदिनीताईंचं बोलणं आठवलं. तिनं फळी खाली ठेवली, मग परत उचलली. दुसरं काही जाळायला नव्हतं. त्यात भाताची झोडणी आली, धाकटीच्या बाळंतपणाला जावं लागलं, आणि धुराडं झाडायचं राहून गेलं. एक पंधरवडा, मग दुसरा. शहाऐंशीचा फाल्गुन आला तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. तिला ते माहीत होतं. उद्या करू, असं ती रोज मनाशी म्हणे.

त्या दुपारी ती तळ्यावर गोधड्या धूत होती. वारा खाडीवरून जोरात सुटला होता. गोधडी पिळताना तिनं सहज गावाकडं पाहिलं आणि हात तसेच राहिले. त्यांच्या छपरावरच्या टोपीतून धूर नव्हे, जाळ निघत होता. हातभर उंच, पिवळा, सरळ. त्यातून ठिणग्या सुटत होत्या आणि वारा त्यांना घेऊन उडवीकडं निघाला होता.

हातातली गोधडी तशीच खांद्यावर टाकून ती ओल्या लुगड्यानं धावली. बांधावरून, कुंपणातून, पायात काटे गेले ते तिला नंतर कळलं. अंगणात पोचली तेव्हा आवाज ऐकू आला. घराच्या आत कुणी प्रचंड मोठा स्टोव्ह पेटवावा तशी घरघर. गोजरा ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. "मी फकस्त पानी तापत ठेवलेला," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "फकस्त पानी तापत ठेवलेला गो."

"रखमे," सगुणा ओरडली, "गोनपाटां भिजव, उरवीवर टाक. सगल्यांना बोलव."

मग तिचं लक्ष वर गेलं. कमळाकर शिडीवर चढला होता. छपराच्या कडेपर्यंत पोचला होता. त्याच्या खांद्यावर पाण्यानं भरलेला हंडा होता.

"भावजी, पानी नको."

त्यानं खाली बघितलं नाही. आणखी एक पायरी चढला. टोपीचा जाळ त्याच्या तोंडावर लाल दिसत होता.

"भावजी, पानी टाकला तं पाइप फुटंल. सगला जाल घरान परंल. माझ्या बी आन् तुमच्या बी."

"मंग काय बघत ऱ्हाऊ?" तो वरून गरजला. "माझी वैरन चालली, घर चाललं, तुझ्या हट्टापायी. तुलाच सांगलेला मी."

सगुणानं शिडी दोन्ही हातांनी धरली. ओढली असती तर तो हंड्यासकट खाली आला असता. तिनं ओढली नाही. नुसती धरून ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मना इतका येल द्या, मी आत जाऊन येतय तवर. मंग तुमाला वाटंल तसा करा. हंडा उरवीवर वता, उरवीवर पानी चालंल."

कमळाकर तिच्याकडं बघत राहिला. मग तो वळला आणि हंडा उडवीच्या बाजूच्या कौलांवरून खाली, रखमानं भिजवायला टाकलेल्या गोणपाटांवर रिता केला.

सगुणा आत गेली. पाइपाचा खालचा हातभर भाग काळसर लाल दिसत होता. घरघर इतकी, की कानाला दुसरं काही ऐकू येईना. तिनं चुलीतली जळती फळी पकडीनं ओढून मागच्या दारातून बाहेर फेकली, दुसरीही फेकली. निखारे राहिले. तिच्या माहेरी, मिठागरावर, जाळ आवरायचा असला की बायका मुठीनं मीठ टाकायच्या. मासळी खारवायला आणलेलं अर्धं पोतं मीठ कोपऱ्यात होतं. तिनं सुपानं मीठ निखाऱ्यांवर ओतलं, एक सूप, दोन सुपं, तडतड उडालं, पांढरा धूर पाइपात ओढला गेला. मग भिजलेली गोधडी, तिच्या खांद्यावर ती अजून तशीच होती, ती तिनं चुलीच्या तोंडात कोंबली. दुसऱ्या वैलावर परात उपडी घातली. फटींना हाताला येईल तो चिखल, शेण, काहीही थापलं. गोधडीतून वाफ निघाली. तळहात भाजत होते. तिनं हात काढले नाहीत, गोधडी आत ढकलून धरली.

घरघर चालूच राहिली. वर, पत्र्याच्या कड्याजवळून बारीक धूर निघायला लागला. वासा. ती त्याच्याकडं बघत राहिली. तो धूर वाढला असता तर तिच्याजवळ पुढचा उपाय नव्हता.

मग पाइपात कुठंतरी तडा गेल्याचा आवाज झाला आणि घरघरीचा सूर उतरला. धापा टाकल्यासारखा तुटक झाला. पुन्हा एकदा चढला आणि पडला. मिठानं झालं की हवा तुटल्यानं, हे नंतर कुणालाच नक्की सांगता आलं नाही. बाहेरून कमळाकरची हाक आली, "वरचा जाल बसला." त्यानं कौलं उचकटून वाशाजवळ ओलं गोणपाट दाबलं होतं. वासा बोटभर खोल काळा झाला होता, पण पेटला नव्हता. उडवीचा वाऱ्याकडचा कोपरा तेवढा जळाला होता, रखमानं आणि शेजारणींनी बाकीची वाचवली होती.

संध्याकाळपर्यंत अंगणात अर्धं गाव जमलं. कुणी म्हणालं पाइपच खराब निघाला. कुणी म्हणालं अशा चुली आपल्या घरांसाठी नाहीतच. गोटीराम पाळीवरून सायकल ढकलत आला आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. सगुणाच्या हातांना रखमानं खोबरेल लावलं होतं, ते मांडीवर उलटे ठेवून ती ओटीवर बसली होती.

"पाइप खराब नवता," ती म्हणाली. "तीन म्हयने मी धुरारा झारला नाय. डांबराच्या फल्या जाललं. मना ताईंनी सांगलेला, दोनी नको करू म्हनून. मी दोनी केलं."

ती कमळाकरकडं वळली. "भावजी, उरवीचा जलला तेवरा आमच्या पेंढ्यातना घ्या. आन् तुमी बोललं तं धुरारा काढून टाकतय."

कमळाकरनं टाळूवरून हात फिरवला. तो उत्तर द्यायच्या आधी ओट्याच्या खांबाजवळून गोजरा बोलली. ती दुपारपासून तिथून हलली नव्हती.

"काढून मंग मी शिजवू कशावर? त्या जुन्यावर?" तिनं सुनेकडं नाही, लेकाकडं बघितलं. "गोट्या, त्या फल्या परत घरान आनू नको. आन् तो पाइप फुटलाय, दुसरा आन."

कमळाकर उठला. "टोपी मी बसवून देतय," तो म्हणाला. "वरची बाजू माझ्याकरं. दर पंधरा दिसांनी मी बघनार." आणि तो जळालेला पेंढा बाजूला करायला मागं गेला.

नवा पाइप आला. लाकडासाठी गोटीरामनं तळोज्याच्या वखारीतून साध्या लाकडाच्या ढलप्या आणायला सुरुवात केली. सगुणाचे तळहात बरे व्हायला पावसाळा उजाडला, उजव्या हाताची कातडी कायमची आकसली. त्यानंतर नंदिनीताईंनी तिला आसपासच्या गावांत चुली बांधायला नेलं. आधी बरोबर, मग एकटीला. जिथं जाई तिथं ती आपली चूक पहिल्यांदा सांगे, हात दाखवी, मग माती कालवायला घेई. गोजरा आणखी पाच वर्षं जगली. ती छातीच्या दुखण्यानं गेली नाही, ताप येऊन गेली.

अठ्ठ्याऐंशी साली सगुणाला उरणकडच्या एका गावातून बोलावणं आलं. दोन एसट्या बदलून, डोक्यावर साचा घेऊन ती पोचली. घर शाकारलेलं होतं, छपरावर सगळं गवत. घरधनीण म्हणाली, गवतातूनच पाइप काढ, बाकी लोकांनी काढलाय, काही होत नाही. सगुणानं छपराखाली उभं राहून वर पाहिलं.

"नाय जमनार," ती म्हणाली.

"येवरी लांबून आयलीस ती नाय म्हनाया?"

"व्हय."

बाई रागावली. पाणीही न विचारता आत निघून गेली. सगुणानं साचा पुन्हा डोक्यावर घेतला आणि एसटीच्या थांब्यावर येऊन बसली. महिन्याभरानं निरोप आला, चुलीच्या बाजूला छपरावर पत्रे चढवलेत, आता ये. ती गेली. चूल बांधून, वाळेपर्यंत दोनदा जाऊन बघून, तिसऱ्या खेपेला तिनं ती पेटवून दिली. धूर वर लागल्याची खात्री केली, आणि त्या बाईनं समोर ठेवलेला चहा उभ्या उभ्याच पिऊन शेवटच्या गाडीनं कामोठ्याला परत आली.